शिरेतून इंजेक्शन : खाटेजवळ बसणाऱ्याने काय पाहावे?

घरात दोन दिवस ताप उतरला नाही की 'डॉक्टर, सलाईन लावा, भारी इंजेक्शन द्या' असा आग्रह आपणच धरतो. आम्हाला हा आग्रहच आधी खटकतो. विषाणूमुळे येणाऱ्या सर्दी-तापावर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही, मग ते शिरेतून का दिलेले असेना!

न्यूमोनिया, मेंदूज्वर, विषमज्वर यांत मात्र सेफ्ट्रियाक्सोन जीव वाचवते. पण त्याचे नियम कडक आहेत. 'आर.एल.' म्हणतात त्या सलाईनमध्ये कॅल्शियम असते. त्यात हे औषध मिसळले की न विरघळणारे कण तयार होतात. नवजात बाळांच्या फुप्फुसांत व मूत्रपिंडांत असे कण सापडले, काही बाळे दगावली. २००७ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी तसा इशारा दिला. २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा द्यावे लागणार असेल, तर हे औषध देऊ नये. बाटली कसली, हे विचारायला लाजू नका. कमरेत टोचण्यासाठी लिग्नोकेनमध्ये कालवलेले औषध शिरेत कधीच जाता कामा नये.

पूर्वी पेनिसिलीनने अंगावर गांधी उठल्या असतील, धाप लागली असेल, तर सुई टोचण्याआधी स्वतःहून सांगा. औषध सुरू होताच ओठ सुजले, दम लागला, चक्कर आली तर सिस्टरना लगेच हाक मारा. अशा वेळी ॲड्रेनालिन मिनिटांत मिळावे लागते. म्हणून घरी येऊन टोचणाऱ्याकडून हे इंजेक्शन घेऊ नये. आणि त्रास झालाच, तर औषधाचे नाव केसपेपरवर लिहून घ्या, तो कागद जपून ठेवा.