भिंगरीचें घर

इंग्लंडांतील स्टॅफर्डशायर परगण्यांत जॉन मेसफील्ड नांवाचे एक वकील राहत असत. त्यांच्या घराच्या देवडींत भिंगऱ्यांचें घरटें होतें. १९११ सालच्या मे महिन्यांत त्यांनीं तेथील एका भिंगरीच्या पायांत आंकडा कोरलेलें हलकेंसें धातूचें वळें अडकवून तिला सोडून दिलें. पुढील वर्षाच्या डिसेंबरांत तेंच वळें दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ प्रांतांत, एका शेतकऱ्याच्या घरांत पकडलेल्या भिंगरीच्या पायांत आढळलें. मधलें अंतर सुमारें ६,००० मैलांचें!

हिवाळ्यांत युरोपांतील भिंगऱ्या जातात कोठें, हें कोडें फार जुनें. त्या बिळांत लपून राहतात असें ॲरिस्टॉटलनें लिहून ठेविलें होतें. ओलाउस मॅग्नस या स्वीडिश धर्मगुरूनें तर १५५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत, थंडींत पाण्याच्या तळाशीं निजलेल्या भिंगऱ्यांचे घोसच्या घोस कोळ्यांच्या जाळ्यांत येतात, असें सांगितलें. त्या दूर देशीं जातात हें पुढें उमगलें, पण नेमक्या कोठें, याचा पुरावा या वळ्यानें दिला. या हकीकतींत आणखीहि एक अर्थ भरलेला आहे. हा पक्षी निघाला तो माणसाच्या घरांतून आणि सांपडला तोहि माणसाच्याच घरांत.

भिंगरीच्या कुळांत सुमारें नव्वद जाती आहेत. मेसफील्ड यांची भिंगरी ज्या जातीची, तीच माळभिंगरी महाराष्ट्रांत हिवाळ्यांत विजेच्या तारांवर ओळीनें बसलेली दिसते. पाठ निळीकाळी, गळा तांबूस, शेपटी लांब व दुभंगलेली, हें तिचें रूप. वीण करावयास ती हिमालयांत आणि त्याच्या पलीकडील देशांत जाते. पुष्कळ लोक तिला पाकोळी म्हणतात. परंतु पाकोळीचें कुळ निराळें. पाकोळीच्या पायांची ठेवण अशी असते कीं, तिला तारेवर किंवा फांदीवर बसतां येत नाहीं. ती उडतां उडतां टिपलेलीं पिसें व काड्या लाळेनें चिकटवून घरटें करते. भिंगरी ही मात्र जातीची गवंडी आहे.

ओल्या चिखलाची गोळी चोंचींत धरून आणावयाची, ती आधींच्या थरावर दाबून बसवावयाची, मध्यें गवताच्या काड्या गुंफावयाच्या, आणि एक थर वाळला कीं दुसरा चढवावयाचा, असें हें बांधकाम चालतें. माळभिंगरीच्या एका वाडग्याएवढ्या घरट्यास सुमारें एक हजार गोळ्या लागतात. आणि त्या वाहून नेणाऱ्या पक्ष्याचें स्वतःचें वजन अवघें वीस ग्रॅमांच्या आसपास! आंत पिसांचें अंथरूण घालून मादी चार-पांच अंडीं घालते. पंधरवड्याच्या सुमारास पिलें बाहेर पडतात, व पुढें तीन आठवड्यांत तीं उडूं लागतात.

या घराला मोठें भय पावसाचें. वर आडोसा नसेल तर साऱ्या कष्टांचा पुन्हां चिखल व्हावयाचा. म्हणून या पक्ष्याचें मूळ ठिकाण गुहांत आणि कड्यांच्या कपारींत. माणूस घरें बांधूं लागला, तेव्हां त्याला वळचण, तुळई व कमान आयतीच लाभली. गोठ्याभोंवतीं माश्याचिलटांचें अन्न होतें आणि गुरांच्या खुरांखालीं तुडविलेला चिखलहि होता. कडा सोडून भिंगरी माणसाकडे आली ती अशी.

भारतांतील इतर भिंगऱ्यांचीं घरेंहि पाहण्याजोगीं आहेत. शेपटींत दोन लांब तारा असलेली तारवाली भिंगरी पाण्यावरील पुलाखालीं अर्ध्या वाडग्यासारखें घरटें चिकटविते. लाल कमरेची भिंगरी जुन्या वास्तूंच्या छतास, लांब बोळकांडीनें आंत जावें लागेल, असें सुरईच्या आकाराचें घर करते. गळ्यावर रेघोट्या असलेली एक लहान भिंगरी तर पुलांच्या कमानींखालीं शेंकडों घरटीं मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणें एकमेकांस लगटून बांधते. कर्नल साइक्स यांनीं दख्खनच्या पक्ष्यांचें वर्णन करतांना १८३२ सालीं जिला शास्त्रीय नांव दिलें, ती धुरकट रंगाची भिंगरी कड्यांवर, किल्ल्यांवर व लेण्यांत राहते. आज शहरांतील उंच इमारतीहि तिला कड्यासारख्याच वाटतात.

माणसाच्या आश्रयानें कांहीं जातींचा मोठा लाभ झाला. उत्तर अमेरिकेंतील माळभिंगऱ्या थंडींत दक्षिण अमेरिकेंत जात. वीण मात्र उत्तरेकडेच करीत. १९८० सालीं त्यांच्यापैकीं कांहीं जोड्यांनीं अर्जेंटिनांत रस्त्याच्या मोऱ्यांखालीं घरटीं केलीं. त्यांचा वंश वाढून दूरवर पसरला, आणि त्या आतां तेथील हिवाळा टाळण्यासाठीं उलट उत्तरेकडे, त्याच खंडाच्या उत्तर भागांत जातात. एका मोरीच्या छतानें पक्ष्याच्या वर्षाचें चक्रच फिरविलें.

परंतु माणसानें एका हातानें छप्पर दिलें आणि दुसऱ्या हातानें पुढचें ताट ओढून घेतलें. भिंगरीचें सारें अन्न उडत्या किड्यांचें. शेतांवर कीटकनाशकें आलीं, दलदली बुजल्या, गोठे ओस पडले, आणि तें अन्न घटलें. डांबर व फरशी यांनीं अंगणांतील चिखलहि नाहींसा केला. ब्रिटनमध्यें घरांच्या वळचणीस राहणारी एक भिंगरी २०२१ सालीं अत्यंत चिंताजनक पक्ष्यांच्या यादींत गेली. नदीच्या दरडींत बिळें करणाऱ्या वाळूभिंगरीची संख्या कॅनडांत चाळीस वर्षांत शेंकडा ९८ नीं घटल्याचें २०१३ सालीं तेथील तज्ज्ञसमितीनें नमूद केलें. प्रत्येक वेळीं कारण घराजवळच असतें असेंहि नाहीं. १९६८-६९ सालीं सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस अवर्षण पडलें, आणि पुढच्या वसंतांत ब्रिटनमधील वाळूभिंगऱ्यांच्या दरडी ओस राहिल्या.

सयामांत, म्हणजे आजच्या थायलंडांत, याहून खेदाची गोष्ट घडली. बुएंग बोरापेट तळ्याच्या वेतांत हिवाळ्यांत रात्रीं हजारों भिंगऱ्या वस्तीस येत. १९६८ सालीं किट्टी थोंगलोंग्या या शास्त्रज्ञास त्यांत पांढऱ्या डोळ्यांची, शास्त्रास सर्वस्वीं अज्ञात अशी जात सांपडली. तिचें घरटें कोणीं पाहिलें नाहीं. १९८० नंतर तिचें खात्रीलायक दर्शनहि झालेलें नाहीं. तिचें घर कोठें होतें हें कळलें नाहीं, म्हणून तें राखतांहि आलें नाहीं.

माळभिंगरीचें व तारवालीचें घर मात्र डोळ्यांसमोर आहे. विष्ठेनें फरशी घाण होते म्हणून घरटें पाडण्यांत येतें. वास्तविक त्याच्या खालीं एक फळी ठोकली तरी तेवढी अडचण दूर होते. रिकामें दिसणारें जुनें घरटेंहि टाकाऊ नसतें. पुढील हंगामांत तोच पक्षी किंवा दुसरा कोणी परत येतो, कांठास चार गोळ्या लावतो आणि तेंच नांदतें करतो. कड्याकपारींतून माणसाच्या दारीं आलेल्या या पक्ष्याचें मागणें एवढेंच असतें : वर एक आडोसा, जवळ थोडा ओला चिखल, आणि हवेंत उडणारे किडे.