सही जुळते, माणूस जुळत नाही

लंडनच्या टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली एक परीक्षा प्रसिद्ध केली. तिचा हॉल म्हणजे चक्क बाजाराचा रस्ता. कामे आठ. पाव आणायचा, अमुक वेळेला तमुक जागी हजर राहायचे, आणि चार गोष्टी विचारून लिहून काढायच्या : टोमॅटोचा भाव, काल देशात सर्वांत थंड ठिकाण कोणते होते, फ्रँकचा दर काय होता वगैरे. (या शेवटच्या प्रश्नाला आमच्यासारख्या निवृत्त बँकवाल्यांचे कान टवकारतात!) अट अशी की, खर्च कमीत कमी करायचा आणि काही घ्यायचे नसेल तर दुकानात शिरायचे नाही.

परीक्षा देणारे तिघे रुग्ण डोक्याला मार बसलेले, पण बुद्धिमापनाच्या चाचण्यांत चांगले गुण मिळवणारे. बाजारात मात्र तिघांचीही तारांबळ उडाली. नियम मोडले, फेऱ्या वाढल्या, कामे राहून गेली.

कपाळामागचा मेंदूचा भाग दुखावला की असे होते. आधी काय, नंतर काय, हातातले काम कुठे थांबवायचे, जिभेवर आलेले कधी गिळायचे, हा कारभार बऱ्याच अंशी तिथून चालतो. भाषा, स्मरण, गणित शाबूत राहू शकते. मग उशिरा आलेल्याला कुणी ‘वा, फारच लवकर आलात!’ म्हटले, तर तो प्रसन्नपणे आभार मानतो. सिडनीच्या स्काय मॅक्डोनल्ड यांनी असले उपरोध ओळखता येतात की नाही, हे चित्रफितींवरून तपासण्याची चाचणीच तयार केली आहे.

घरात मात्र चाचणी नसते. तिथे निकाल लागतो तो स्वभावाचा : आळशी झाला, उर्मट झाला. पायाला प्लॅस्टर असते तर शेजाऱ्यांनी जिना चढताना हात दिला असता. बँकेच्या काउंटरवर तर काहीच कळायचे नाही. सही तंतोतंत जुळते, बोलणे नीटनेटके, तारीख-वार तोंडपाठ. मुदत ठेव मोडून हा गृहस्थ कालच ओळख झालेल्या माणसाच्या हाती पैसे ठेवणार आहे, हे व्हाउचरवर कुठे लिहिलेले असते? त्याच्या बायकोने येऊन सांगितले, तरी अधिकारी म्हणणार, ‘बाई, खाते त्यांचे आहे.’ नियमाने ते बरोबरच.

या विषयात फिनिअस गेजचे नाव येतेच. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना सुमारे सहा किलोची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली. तो वाचला, पण डॉक्टर हार्लो यांनी नोंदवले की, ओळखीच्यांना तो आता पूर्वीचा गेज वाटत नव्हता. गोष्ट बहुधा इथेच संपवतात, आणि ते मला अन्यायाचे वाटते. कारण पुढे हाच गेज चिलीत कित्येक वर्षे घोडागाडी हाकत होता. मॅल्कम मॅकमिलन या अभ्यासकाच्या मते, ठरलेल्या कामाच्या त्या चाकोरीनेच त्याला बरेचसे सावरले असावे. वेळ ठरलेली, रस्ता ठरलेला, घोड्यांची निगा ठरलेली.

आपल्याकडे ही चाकोरी बहुतेक वेळा घरातली बाईच आखते. दाराला अडकवलेली यादी, एका वेळी एकच काम, टोमण्याऐवजी सरळ वाक्य, आणि खिशात मोजकेच पैसे. शेजारणी तिला म्हणतात, नवऱ्याला अगदी मुठीत ठेवलाय.