दुपारची पेंग अन् काट्यावरचा आकडा



लातूर-नांदेडच्या उकाड्यात दुपारी दोनच्या सुमारास टेबलावर बसलेल्या माणसाला पेंग येतेच. हा निव्वळ आळस नव्हे. शरीरातल्या घड्याळाप्रमाणे त्या वेळी तरतरी उतरते. या घड्याळाचा उलगडा करणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रीचे जागरण अन् भरपेट जेवण त्यात भर घालते.

पण काट्यावर एक आकडा चुकला, की सभासदाचे बिल चुकते. म्हणून आम्ही सुचवितो : जेवण बेताचे घ्यावे, पाणी पीत राहावे, अधूनमधून उठून चार पावले चालावे. सुट्टीत पंधरा-वीस मिनिटे डुलकी चालेल. तासभर झोपलात तर उलट डोके जड होते. संध्याकाळचा चहा आवरावा, त्याने रात्रीची झोप मोडते.

आणि सभासदांनो, वजनाची पावती खिशात घालण्यापूर्वी एकदा वाचाच!