निलंबनाचे सात महिने

शाळा-कॉलेजात बोलायला बोलावतात तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो. बँकेत आकडेमोड करणारा माणूस कादंबरीकडे वळला कसा? बरीच वर्षं मी वाचनाची आवड, घरातली पुस्तकं असं काहीबाही सांगून वेळ मारून नेत असे. खरं उत्तर असं आहे, की मला बँकेनं निलंबित केलं होतं.

1994 चा नोव्हेंबर. कोल्हापुरात गुळाचा हंगाम सुरू झाला की आमच्या शाखेत पाय ठेवायला जागा नसे. मी चेक पास करणारा अधिकारी. एका गूळ व्यापाऱ्याचा 48 हजारांचा चेक समोर आला. त्यांची सही माझ्या रोजच्या बघण्यातली. मागच्या कपाटातून नमुना सहीचं कार्ड काढायचं आणि शेजारी ठेवून ताडून बघायचं, हा नियम. मी उठलो नाही. चेक पास केला, रोखपालानं टोकन पुकारलं, पैसे गेले. व्यापाऱ्याच्याच दिवाणजीनं चेकबुकातलं मागचं पान फाडून सही गिरवली होती, हे तीन आठवड्यांनी उघडकीला आलं.

खोटी सही कितीही हुबेहूब असली, तरी तो खातेदाराचा हुकूम ठरत नाही. त्यामुळे त्याच्या खात्यातून गेलेली रक्कम बँकेला भरून द्यावी लागते. ती बँकेनं दिली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. (1 जानेवारी 2021 पासून 50 हजार आणि त्यावरच्या चेकचा तपशील खातेदारानं बँकेला आधी कळवण्याची सोय झाली आहे. माझा चेक त्यातूनही निसटला असता!)

जानेवारीत पत्र हातात पडलं. संगनमताचा संशय. पगार निम्मा, तोही निर्वाह भत्ता या नावानं. मुलगी तिसरीत होती.

शेजाऱ्यांना कळू नये म्हणून मी रोज डबा घेऊन साडेनऊला घराबाहेर पडू लागलो. दिवसभर करवीर नगर वाचन मंदिरात बसायचं. 1850 सालापासूनची ती संस्था. माझ्यासारखे किती जण तिनं पोटात घेतले असतील कोण जाणे. वर्तमानपत्रं संपली की पुस्तकं. दुपारी रंकाळ्याच्या काठावर डबा खायचा. महिन्याभरानं समोरच्या काकू बायकोला सहज म्हणाल्या, "साहेबांचं काही कळलं का हो पुढं?" सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. लपवत होतो तो मी एकटाच.

मग आरोपपत्र आलं आणि लेखी खुलासा द्यायची वेळ आली. मी लिहिलं : 'हंगामातील गर्दीमुळे नमुना सहीची पडताळणी होऊ शकली नाही व अनवधानाने रक्कम अदा केली गेली.' चांगलं चार पानी झालं. अण्णांना, म्हणजे वडिलांना, वाचायला दिलं. ते प्राथमिक शाळेतले निवृत्त मास्तर. त्यांनी पेन्सिल मागितली, आणि पानोपानी समासात एकच शब्द लिहीत गेले : 'कर्ता?'

"अरे, झाली, गेली, राहिली... हे सगळं केलं कुणी? तू होतास ना तिथं?"

मी चिडलो. युनियनमधला मित्र तर म्हणाला होता, "कबुली लिहून दिलीस की मेलास." त्याचंही चूक नव्हतं. नोकरी गेली असती तर पुढं काय, याचं उत्तर ना अण्णांकडे होतं, ना माझ्याकडे. पण त्या रात्री मी पुन्हा लिहायला बसलो. 'मी खुर्चीवरून उठलो नाही. मी कार्ड काढलं नाही.' ही दोन वाक्यं लिहायला मला पहाट झाली. गर्दी खोडली, अनवधान खोडलं. त्या दिवाणजीला मी ओळखतही नव्हतो, हेही तितक्याच साध्या शब्दांत लिहिलं. शेवटी दीड पान उरलं. तेच दिलं.

चौकशीत संगनमत सिद्ध झालं नाही. निष्काळजीपणाबद्दल दोन वेतनवाढी रोखल्या आणि ऑगस्टमध्ये बदली गगनबावड्याला. तिथला पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना संध्याकाळी खोलीत बसून माणूस काय करणार हे सांगायला नको. मी लिहू लागलो. कागदावर पहिल्यांदा आला तो दिवाणजीच. त्यानं सही गिरवायचा सराव कुठं केला असेल, घरी बायकोला काय सांगितलं असेल? वर्षभर ज्याला शिव्या घातल्या, त्याच्या घरात मी जाऊन बसलो होतो. त्यातूनच पुढं पहिली कादंबरी झाली.

निलंबनानं माणूस घडतो असं मात्र मी कुणाला सांगणार नाही. अशाच प्रकरणात सापडलेला माझा एक सहकारी खचला तो खचलाच. त्याच्या घरी पेन्सिल घेऊन बसणारं कुणी नव्हतं, किंवा असूनही उपयोग झाला नसता.

मध्यंतरी घरी मुलाखत घ्यायला एक तरुण आला होता. त्याला मी हे सगळं रंगवून सांगत होतो. "ते सात महिने मिळाले नसते, तर मी लेखक झालोच नसतो," असंही म्हणून गेलो. आतून बायकोचा आवाज आला, "बांगड्या माझ्या गहाण पडल्या होत्या, तेही सांगा त्यांना. सोडवायला दोन वर्षं लागली."

त्या तरुणानं वही पुन्हा उघडली.