छावणीतले पाळणाघर

आई-बाप दोघेही कामावर, मग लेकरू सांभाळायचे कोणी? अमेरिकेच्या लष्करी तळांवरही हाच प्रश्न होता. तेथील पाळणाघरांत पगार इतका तुटपुंजा की बाया टिकत नसत; मुलांना आज एक बाई, उद्या दुसरी. १९८० नंतरच्या दशकात काही तळांवर बालकांवरील अत्याचार उघडकीस आले, तेव्हा कुठे सरकार हलले. १९८९ च्या कायद्याने बायांना प्रशिक्षण आणि त्यानुसार पगारवाढ मिळाली. लेकरे सांभाळणे हे कसबाचे काम आहे, हे कायद्याने मान्य केले, ही मोठी गोष्ट! वर्षातून चारदा न कळवता तपासणी होऊ लागली. फी ठरते ती कुटुंबाच्या उत्पन्नावर. साध्या जवानाला कमी, अधिकाऱ्याला जास्त. शाळकरी मुलांसाठी युवा केंद्रेही आहेत. जागा मात्र आजही अपुऱ्या. कित्येक आई-बाप यादीत नाव घालून वाट पाहतात.