शिवणातली माया

सुरतेचे नाव निघाले की आपल्या मराठी घरांत प्रथम शिवाजीमहाराजांच्या दोन स्वाऱ्या आठवतात, १६६४ ची आणि १६७० ची. ज्यांचे लक्ष इतिहासापेक्षा ताटाकडे अधिक, त्यांना घारी आठवते, नाहीतर हिवाळ्यातला पोंक. लग्नानंतर बडोदे सोडून मी या गावात आले त्याला आता बरीच वर्षे झाली, आणि मला कोणी विचारले तर मी सांगेन की सुरत म्हणजे कापड. सकाळी दूध आणायला निघावे तर समोरून कापडाच्या गठ्ठ्यांनी लादलेला टेम्पो येतो. रिंगरोडच्या मार्केटात हमालाच्या पाठीवर साड्यांचे डोंगर हलत असतात. मौज अशी की, अशा गावात राहूनही माझ्या घरी कपडे पुष्कळ होते, पण कापड म्हणून एक वार नव्हते. जे होते ते सगळे तयार, कोणी तरी कुठे तरी शिवलेले.

दांडिया बाजारातले आमचे जुने घर आवरायला काढले तेव्हा माळ्यावरून आईचे हाताने फिरवायचे शिवणयंत्र खाली आले. भावाने ते भंगाराच्या ढिगात ठेवले होते. “हल्ली कोण शिवतंय घरी?” असे तो म्हणाला, आणि त्यात खोटे काही नव्हते. मी ते उचलून सुरतेला आणले. त्याच्या लाकडी पेटीत दोन बॉबिने, खडूची एक चकती, अक्षरे पुसलेली टेप आणि आईचे एक चिटाचे पोलके निघाले. तांबड्यावर काळी बुट्टी. पोलके मला दंडात अडकले. तसेच घडी करून ठेवून दिले.

यंत्राला तेल दिले, नवी सुई बसवली, आणि प्रथम पिशवी शिवावी असे ठरवले. पिशवीला बाही नाही, मुंढा नाही, गळा नाही, चुकायचे काय? भागळजवळच्या चौटा बाजारात जाऊन सुती कापड आणले. पिवळ्या जमिनीवर हिरवे पोपट. लांबट तुकडा घेतला, मधोमध दुमडला, दोन्ही कडांना टीप मारली, बंद लावले आणि मोठ्या दिमाखात भाजीला निघाले. भाजीवालीनेच विचारले, “बेन, या बाजूचे पोपट उलटे का?” पाहते तो काय, पिशवीच्या एका अंगाला पोपट फांदीवर नीट बसलेले, आणि दुसऱ्या अंगाला सगळे वटवाघळांसारखे लोंबकळणारे! लांब तुकडा तळाशी दुमडला की एक बाजू उलटी होणार, हे शाळकरी पोरीलाही कळावे. मला कळले नव्हते.

माझी ही फजिती समोरच्या वहिनींनी निस्तरली. वहिनी मूळच्या नंदुरबारकडच्या. सुरतेत लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातली माणसे इतकी आहेत की तिथल्या कित्येक गल्ल्यांत गुजरातीइतकीच अहिराणी कानांवर पडते. वहिनी घरी बसून साड्यांना लेस लावण्याचे काम करतात. त्यांनी पिशवी हातांत घेतली, आत बोट घातले आणि म्हणाल्या, “ताई, पोपटांचं जाऊ द्या. पण तुम्ही माया कुठं ठेवली?”

शिवणात जास्तीचे जे कापड आत दडवून ठेवतात त्याला आपल्याकडे माया म्हणतात, हे मी विसरून गेले होते. मी अगदी कडेला टीप मारली होती. दोन वेळा बटाटे भरले असते तर पिशवी उसवली असती. वहिनींनी त्या दिवशी मला जे सांगितले ते छापील कापड शिवू पाहणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल, म्हणून इथे देते.

कापड घेताना आधी नक्षीला वरखाली आहे का ते पाहावे. फुले चहूकडे विखुरलेली असली तर कसेही बेतता येते. पक्षी, झाडे, कोयऱ्या एकाच दिशेने असल्या तर सगळे तुकडे एकाच दिशेने बेतावे लागतात, आणि कापड थोडे अधिक घ्यावे लागते. नक्षी कितव्या इंचाला पुन्हा सुरू होते ते टेपने मोजावे. शिवणीवर फुलाला फूल जुळवायचे असेल तर तेवढे कापड जादा लागते. सुती कापड बेतण्यापूर्वी एकदा पाण्यातून काढून वाळवावे, म्हणजे आटायचे ते आधीच आटेल. पांढरा रुमाल ओला करून कोपऱ्यावर चोळावा. रुमाल रंगला तर ते कापड अस्तराशेजारी नको.

पिशवीचा हिशेब असा. ४४ इंच पन्ह्याचे अर्धा मीटर कापड पुरते. त्यातून १५ इंच रुंद आणि १८ इंच उंच असे दोन तुकडे शेजारी शेजारी, पोपटांची डोकी वर ठेवून, कापावेत. उरलेल्या पट्टीतून चार इंच रुंदीचे दोन बंद निघतात. कडांना अर्धा इंच माया, तोंडाशी दीड इंच दुमड, आणि आत जुन्या सुती साडीचे अस्तर. बंद जिथे जोडायचे तिथे चौकोनात टीप घालून मध्ये फुली मारावी. पिशवीचा जीव तिथे असतो. अशी पिशवी चार शेर भाजी सहज पेलते, आणि भाजीवालीपुढे प्लास्टिकच्या पिशवीसाठी हात पसरावा लागत नाही. १२० मायक्रॉनहून पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांना डिसेंबर २०२२ अखेरपासून देशभर बंदी आहे, तरी त्या हातगाडीखालून निघतच असतात; ते असो.

पोपटांच्या निमित्ताने मला चिटाचा नाद लागला, आणि मग आपण राहतो त्या गावाचा मोठेपणा उमगू लागला. इंग्रजांनी सुरतेत वखार घातली ती १६१३ साली. इथून जहाजांत जे भरले जाई त्यात छापील सुती कापडाला मोठा मान होता. ते सगळे काही सुरतेत छापलेले नसे. अहमदाबादेहून येई, सिरोंजहून येई, आणि तापीकाठच्या बऱ्हाणपुराहूनही येई. इंग्रजीतला ‘चिंट्झ’ हा शब्द आपल्या चिटाच्याच कुळातला. त्याही पूर्वी, कित्येक शतके आधी, गुजरातचे छापील कापड मिसर देशात जात होते. कैरोजवळच्या फुस्तात या जुन्या नगराच्या अवशेषांत सापडलेले त्याचे तुकडे आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहेत.

या कापडाची खरी करामत रंगात होती. कापड प्रथम हिरड्याच्या पाण्यात भिजवीत. मग लाकडी ठशाने त्यावर तुरटीचे पाणी डिंकात कालवून उठवीत. त्या वेळी डोळ्यांना फारसे काही दिसत नसे. पुढे ते कापड मंजिष्ठेच्या किंवा आलाच्या मुळीच्या काढ्यात उकळले की जिथे तुरटी लागली असेल तिथे तांबडा रंग धरे. काळ्यासाठी लोखंडाचा गंज गुळाच्या पाण्यात कुजवून ठेवीत. असा रंग धुण्याने जात नसे. युरोपातल्या बायकांनी असे कापड पूर्वी पाहिलेच नव्हते. त्यांनी त्याचे झगे शिवले, पडदे शिवले, पलंगपोस शिवले, आणि तिकडच्या लोकर-रेशमाच्या विणकरांचा धंदा बसायची वेळ आली. फ्रान्सने १६८६ साली छापील सुती कापडाला बंदी घातली. लंडनमध्ये १७१९ साली विणकरांचे जमाव चिटाचे झगे घातलेल्या बायकांच्या अंगावर धावून गेले. भर रस्त्यात त्यांचे कपडे फाडले, त्यांवर शाई आणि तेजाब फेकले. १७२१ साली तिथल्या पार्लमेंटने बहुतेक छापील सुती कापड वापरण्यालाच मनाई केली, आणि तो कायदा १७७४ पर्यंत टिकला. विणकराच्या पोटाची चिंता खरी होती, हे मला समजते. परंतु भांडण व्यापाऱ्यांचे आणि राज्यकर्त्यांचे असताना फाटला तो रस्त्यावरच्या बाईचा झगा, हे काही केल्या मनातून जात नाही.

बडोदेकरांना यात आपल्या घरचाही एक धागा सापडेल. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे १८६३ साली सुरतेत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्या खटपटीने आणि महाराज सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० साली बडोद्यात कलाभवन निघाले. तिथे इतर कलांबरोबर रंगकाम शिकवले जाई, तेही देशी भाषेतून, म्हणजे रंगाऱ्याच्या मुलालाही शिकता यावे. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चाफेकर बंधूंनी डांबर फासले, ते काढून दाखवणारे हेच गज्जर. सुरतेच्या माणसाने बडोद्याला रंग शिकवला, आणि मी बडोद्याची असून सुरतेत येऊन कापड शिकते आहे. हिशेब फिटला म्हणायचा!

आजची सुरत मात्र त्या चिटाची नव्हे. इथे मुख्यतः कृत्रिम धाग्याचे कापड विणतात आणि पांडेसरा, सचिन यांसारख्या वसाहतींतल्या गिरण्यांत यंत्रावर छापतात. नक्षी देखण्या असतात, आणि भारतात क्वचितच असे गाव असेल जिथे सुरतेची साडी पोहोचली नाही. स्वस्त कापडामुळे गरिबाच्या घरी लग्नात चार रंगीत साड्या आल्या, हे विसरू नये. पण घरी शिवायला हे कापड थोडे नाठाळ. सुईखाली सरकते, बोटाने घडी मोडावी तर मोडत नाही, घाम शोषत नाही. त्याची पिशवी छान होते, बटवा छान होतो. अंगावरच्या कपड्याला मी सुतीच घेते. जाड सुतीला १४ नंबरची सुई लावते आणि सुळसुळीत कापडाला ११ नंबरची. ताक्यांतून उरलेले तुकडे इथे वजनावरही मिळतात. ते निवडत बसले की दुपार कशी जाते ते कळत नाही.

पिशवीनंतर मी कुडता शिवला. बाही जरा तिरकी झाली. पण त्याला मी दोन खिसे ठेवले आहेत, किल्ली, चष्मा आणि फोन मावतील असे खोल. बायकांच्या तयार कपड्यांना खिसे का नसतात, हे मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही.

कुडता झाल्यावर धीर आला आणि आईचे पोलके पुन्हा काढले. बाहीची शिवण अलगद उसवली, मग कुशीची. आत दोन्ही बाजूंना चांगली इंचभर माया होती. बाहेरचे तांबडे उन्हापाण्याने विटकरी झाले होते. आतली पट्टी मात्र कालच ताका फोडावा इतकी ताजी. मायेतल्या जुन्या टिपेची भोके स्पष्ट दिसत होती. म्हणजे आईने स्वतःच एकदा ते सैल केले होते; बहुधा आम्हां भावंडांपैकी कोणाच्या तरी वेळी. तरीही तिने पुढच्यासाठी राखून ठेवले होते. तयार कपड्यात अशी माया सापडत नाही. हजारो नग एका मापाने कापायचे म्हटल्यावर प्रत्येक शिवणीत अर्धा अर्धा इंच वाचवणे कारखानदाराला भागच आहे. त्याला घालणारी माहीत नाही. ती जाड होईल, बारीक होईल, तिची मुलगी उंच होईल, याची तजवीज त्याने का करावी? ती घरच्याच माणसाने करायची असते.

पोलके मला आता नीट बसते. दोन्ही कुशींना गडद तांबडी पट्टी दिसते. ती लपवावी असे मला वाटत नाही.

ते दाखवायला वहिनींकडे गेले तेव्हा त्या साड्यांच्या ढिगाआड बसल्या होत्या. पैसे नगावर मिळतात. दोरा त्यांचा, वीज त्यांची. एवढे अचूक शिवणारी ही बाई, पण तिच्या अंगावर आणि मुलीच्या अंगावर मी नेहमी बाजारचे तयार कपडेच पाहिले होते. मी विचारले, “वहिनी, तुम्ही घरच्यासाठी कधी शिवत नाही?”

“शिवते ना ताई,” त्या सुई न थांबवता म्हणाल्या. “दिवाळीत मार्केट बंद पडतं. काम येत नाही. तेव्हा शिवते.”

ज्या दिवसांत मिळकत नाही, तेवढेच दिवस आपल्या मुलीच्या फ्रॉकचे! यावर मी काय बोलणार? पोपटांच्या कापडाचा एक मोठा तुकडा माझ्याकडे शिल्लक होता, तो नेऊन दिला. फुकट घ्यायला त्या तयार नव्हत्या. शेवटी माझ्या पिशवीचे बंद पुन्हा लावून देण्याच्या बोलीवर घेतला. यंदाच्या दिवाळीत त्यांच्या मुलीने त्या कापडाचा फ्रॉक घातला होता. पोपट सगळे सरळ बसलेले. खालची दुमड मी उलटून पाहिली. वहिनींनी चार बोटे माया ठेवली होती.