कुत्र्याच्या पिल्लांचे जंत व लहान मुले

शिरूर व दौंड तालुक्यांत नदीच्या आणि पाटाच्या पाण्यावर ऊस वाढला, तशी शेतकऱ्यांची घरे गावठाण सोडून मळ्यांत पसरली. उसात बिबट्याचा वावर असल्याने वस्तीवर राखणीस कुत्रे लागतेच. मादी व्याली की तिची पिल्ले हे मुलांचे आवडते खेळणे होते. ही सोबत मोडण्याचे कारण नाही. मात्र पिल्लांपासून मुलांस होणाऱ्या एका जंतविकाराची माहिती प्रत्येक घरी असावयास हवी.

या जंतास टॉक्सोकारा म्हणतात. मादीच्या शरीरात त्याच्या अळ्या सुप्त राहतात व ती गाभण असता गर्भातील पिल्लांत उतरतात. त्यामुळे पिल्लू कितीही स्वच्छ जागी जन्मले, तरी बहुधा जंत घेऊनच येते. सुमारे तीन आठवड्यांचे झाले की त्याच्या विष्ठेतून डोळ्यांस न दिसणारी असंख्य अंडी पडू लागतात. पोट फुगलेले, केस राठ, आणि कधी ओकारीत शेवयांसारखे जंत, ही पिल्लाची लक्षणे होत.

ताज्या विष्ठेतील अंड्यांपासून रोग होत नाही. ती मातीत दोन ते चार आठवडे राहिली म्हणजे आत अळी तयार होते. कडक उन्हात व कोरड्या जागी अंडी फार टिकत नाहीत. पण रांजणाजवळच्या, मोरीकडेच्या किंवा गोठ्याच्या सावलीतील ओलसर मातीत ती महिनोन्महिने जगतात. पिल्ले बसतात तीही तेथेच, आणि मुले खेळतात तीही तेथेच. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलणे हाच खरा उपाय होय. ती विहिरीपासून व भाजीच्या वाफ्यांपासून दूर, खोल पुरावी. उकिरड्यात टाकू नये. तेथील खत पुढे कोथिंबीर व मुळ्यास पडते.

मातीने भरलेल्या हातांनी अंडी मुलाच्या पोटात गेली की आतड्यात अळ्या बाहेर पडून रक्तावाटे यकृत व फुप्फुसांत जातात. पुष्कळदा काहीच जाणवत नाही; काहींस ताप, खोकला, धाप व यकृताची सूज येते. 1952 साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे बीव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांतील हा विकार याच जंताचा असल्याचे दाखविले. तत्पूर्वी 1950 साली हेलेनॉर वाइल्डर यांना, कर्करोगाच्या संशयाने काढलेल्या मुलांच्या डोळ्यांत जंतांच्या अळ्या आढळल्या होत्या. डोळ्यात शिरलेली अळी बहुधा एकाच डोळ्याची दृष्टी घालविते, आणि मूल ते सांगत नाही. यासाठी एकेक डोळा झाकून मुलास लांबची वस्तू ओळखावयास लावावी. तिरळेपणा किंवा बुबुळात पांढरी झाक दिसल्यास विनाविलंब नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.

माणसाच्या शरीरात या अळीचा पूर्ण जंत होत नाही. म्हणून मुलाच्या शौचाच्या तपासणीत अंडी सापडत नाहीत. रक्ताची तपासणी करावी लागते. शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनी मिळणारी गोळी अवश्य द्यावी. परंतु ती आतड्यातील जंतांसाठी आहे. या विकारात औषध किती दिवस द्यावयाचे, ते डॉक्टरांनी ठरवावयाचे असते. माती खाणाऱ्या मुलास रक्तक्षयही असू शकतो, तोही तपासून घ्यावा.

पिल्लांस दोन आठवड्यांच्या वयापासून, दर पंधरवड्यास, तीन महिन्यांची होईपर्यंत जंताचे औषध द्यावे. मात्रा वजनावर असल्याने ती पशुवैद्यकीय दवाखान्यातून ठरवून घ्यावी. दूध पाजणाऱ्या मादीसही बरोबरच औषध द्यावे, कारण पिल्लांना चाटताना तीही पुन्हा अंडी पसरवू लागते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व्यालेल्या माद्यांची नोंद करताना शाळेमागे वा उकिरड्याजवळ व्यालेली बेवारस मादीही त्यात धरावी.